गेम खेळून टोकन कमवायचे असतील तर: नागपूरच्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

गेम खेळून टोकन मिळतात हे खरं आहे. पण ते टोकन रुपये होऊन बँकेच्या खात्यात पोहोचेपर्यंत वाटेत बरीच काटछाट होते. नवख्याचं नुकसान होतं तेही बहुधा या वाटेवरच, गेममध्ये हरल्यामुळे क्वचितच. म्हणून या लेखात खेळापेक्षा त्या वाटेवरच जास्त भर आहे.

एक नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पहिले तीन महिने गेममध्ये पैसा घालायचा नाही, फक्त वेळ घालायचा. व्यवहाराच्या फीपुरते शंभरेक रुपये लागतील, तेवढाच अपवाद. सीताबर्डीतल्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या हॉटेलात 'वेब थ्री गेमिंग'चा सेमिनार असेल आणि तिथे आधी पॅकेज घ्या म्हणत असतील, तर चहा पिऊन परत या.

पहिली पायरी: टोकन कुठून येतो ते समजून घ्या

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली व्यवहारांची वही. त्यात चढलेली नोंद कोणा एकट्याला खोडता येत नाही. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनच्या वहीत मुख्यतः कोणी कोणाला किती नाणी दिली एवढंच लिहिलं जातं. २०१५ साली आलेल्या इथेरियमने त्या वहीत छोटे प्रोग्रॅम ठेवायची सोय केली आणि गेमवाल्यांचं काम तिथून सुरू झालं. गेममध्ये दोन प्रकारच्या गोष्टी दिसतील. एक, एकसारखे टोकन, ज्यांतला कोणताही एक दुसऱ्याच्या बरोबरीचा असतो. इथेरियमच्या जातीच्या चेनवर (चेन म्हणजे अशी एक वही) त्यांना ईआरसी-२० म्हणतात. दुसरी, वेगवेगळ्या ओळखीच्या वस्तू, म्हणजे पात्रं, जमीन, तलवारी. त्या एनएफटी, बहुधा ईआरसी-७२१.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती जाहिरातीत कधीच नसते. गेम स्वतः सहसा ब्लॉकचेनवर चालत नाही. तुमचा नेम, तुमची उडी, तुम्ही पेरलेलं पीक, हे सगळं कंपनीच्या साध्या सर्व्हरवर असतं. प्रत्येक हालचाल चेनवर लिहायची तर फी आणि वेळ दोन्ही परवडत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टोकिटीज नावाच्या मांजरींच्या एका गेमने एकट्याने इथेरियमचं जाळं तुंबवलं होतं. त्यामुळे गेमच्या पडद्यावर '८०० टोकन' असा आकडा दिसतो तेव्हा तो कंपनीच्या डेटाबेसमधला आकडा असतो. तुम्ही 'क्लेम' दाबून तो स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे चेनवरचे टोकन ज्याने हाताळता येतात त्या ॲपमध्ये, आणल्यावरच तो तुमचा. त्याआधी कंपनी नियम बदलू शकते, खातं बंद करू शकते, किंवा गेमच गुंडाळू शकते.

टोकनला किंमत कशी येते हे बघायला व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीच्या ॲक्सी इन्फिनिटीइतकं चांगलं उदाहरण नाही. २०२१ मध्ये या गेमने फिलिपिन्समध्ये हजारो घरांना उत्पन्न दिलं. खेळायला तीन ॲक्सी, म्हणजे गेममधले प्राणी, लागत आणि ते विकत घ्यावे लागत. जिंकलं की एसएलपी नावाचे टोकन मिळत. हे टोकन दर विजयागणिक नवे तयार होत, आणि खर्च मुख्यतः नवे ॲक्सी पैदा करताना होत. नवे ॲक्सी घेणार कोण? नवे खेळाडू. नव्या खेळाडूंचा ओघ होता तोवर एसएलपी ३० सेंटच्या वर होता. ओघ आटला, पण टोकन छापणं चालूच राहिलं, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत भाव एका सेंटच्याही खाली गेला. गेम तोच होता, खेळणाऱ्यांचं कौशल्यही तेच होतं.

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री एकदम उतरली की भावाचं काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको. इथे फरक इतकाच की संत्र्याला निदान खाणारा असतो. टोकनच्या बाबतीत विचारायचा प्रश्न हा: विकण्यासाठी सोडून हा टोकन कोणाला, कशासाठी हवा आहे? गेमच्या आत त्याचा खरा खप असेल, म्हणजे दुरुस्ती, प्रवेश, सजावट, पातळी वाढवणं, आणि लोक मजेसाठी तो खर्च करत असतील, तर काही काळ तग धरेल. सगळेच कमावून विकायला बसले असतील तर तुमची कमाई उद्याच्या नवख्याच्या खिशातून येते आहे.

दुसरी पायरी: गेम निवडताना काय तपासायचं

सगळ्यात आधी प्रवेश. फुकट सुरू करता येतो का? गॉड्स अनचेन्ड हा पत्त्यांचा गेम किंवा पिक्सेल्स हा शेतीचा गेम पैसे न भरता सुरू करता येतो. या दोन नावांना शिफारस समजू नका. फुकट प्रवेश म्हणजे काय त्याचे हे नमुने.

हा मुद्दा फक्त शहाणपणाचा नाही, कायद्याचाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे किंवा पैशासारखं काही लावून, त्या बदल्यात आर्थिक लाभाच्या आशेने खेळायचा ऑनलाइन गेम त्यात 'मनी गेम' ठरतो, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. 'पैशासारखं काही' याच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली नाणी, क्रेडिट, टोकन आणि आभासी वस्तूही आहेत. म्हणजे आधी एनएफटी विकत घ्या, मग खेळून टोकन कमवा, हा साचा त्या व्याख्येच्या फार जवळ जातो. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. रेफरलची लिंक टेलिग्रामवर फिरवणाऱ्या किंवा यूट्यूबवर 'रोज हजार कमवा' म्हणणाऱ्या पोरांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

प्रवेश फुकट आहे असं दिसलं की टोकनचे आकडे बघा. कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅपवर टोकनचं पान उघडा आणि चार गोष्टी वहीत उतरवा: सध्या बाजारात असलेले टोकन, एकूण होऊ शकणारे टोकन, चोवीस तासांतली उलाढाल, आणि सहा महिन्यांचा भाव. एकूण १०० कोटींपैकी बाजारात १५ कोटीच असतील, तर उरलेले ८५ कोटी कधीतरी येणारच आहेत. ते कोणाला आणि कधी मिळणार याचं वेळापत्रक गेमच्या श्वेतपत्रिकेत 'व्हेस्टिंग' किंवा 'अनलॉक' या मथळ्याखाली असतं. तो तक्ता नसेल तर गेम सोडा.

उलाढाल का बघायची ते एका हिशेबाने कळेल. समजा विकेंद्रित बाजारात, म्हणजे कंपनीऐवजी चेनवरचा प्रोग्रॅम चालवतो त्या बाजारात, टोकनच्या अदलाबदलीसाठी ठेवलेला साठा (पूल) दोन लाखांचा आहे: एक लाखाचे टोकन, एक लाखाचं डॉलरशी बांधलेलं नाणं. तुमच्याकडे पडद्यावरच्या भावाने २० हजारांचे टोकन आहेत. एका दमात विकले तर हातात सुमारे १६,६०० येतील, कारण तुम्ही विकत जाता तसा भाव तुमच्याच पायाखाली घसरतो. पडद्यावरची किंमत ही छोट्या विक्रीची किंमत असते.

यानंतर गेमच्या मदत-पानावर तीन आकडे शोधा: किमान किती टोकन झाल्यावर क्लेम करता येतो, क्लेमनंतर किती दिवस टोकन अडकून राहतात, आणि लवकर काढल्यास किती टक्के कापतात. हे आकडे सहज सापडले नाहीत तर ते मुद्दाम लपवलेत असं धरून चाला.

तिसरी पायरी: वॉलेट

संगणकावर ब्राउझरमध्ये नवी प्रोफाइल उघडा. रोजच्या जीमेलची, बँकेची प्रोफाइल यासाठी वापरू नका. वॉलेट उतरवताना गुगलवर नाव शोधून पहिल्या निकालावर क्लिक करणं हा हमखास फसण्याचा मार्ग आहे, कारण सगळ्यात वर जाहिरात असते आणि जाहिरातीत बनावट साइट शिरते. वॉलेटच्या अधिकृत साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, तिथूनच ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या दुकानाच्या पानावर जा. इथेरियमच्या जातीच्या चेनसाठी मेटामास्क चालतं. रोनिन या गेमसाठीच्या चेनवरचे गेम असतील तर रोनिन वॉलेट.

वॉलेट तयार होताना इंग्रजीतले बारा शब्द मिळतात. हीच किल्ली. पासवर्ड फक्त तुमच्या त्या मशीनवरचं कुलूप उघडतो. बारा शब्द ज्याच्या हाती, वॉलेट त्याचं. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून हे शब्द निवडलेले असतात आणि क्रम महत्त्वाचा असतो. कागदावर पेनाने लिहा, क्रमांकासह. दोन प्रती काढा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. एक स्वतःकडे, दुसरी आईवडिलांकडे किंवा मोठ्या भावाकडे पाकीट चिकटवून. स्क्रीनशॉट नको, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं नको. गॅलरीतला फोटो क्लाउडवर आपोआप चढतो आणि मग वॉलेटची सुरक्षितता जीमेलच्या पासवर्डवर येऊन बसते.

वॉलेट फोनमध्ये असेल आणि स्क्रीन बदलायला फोन बर्डीवरच्या दुकानात द्यायचा असेल, तर आधी वॉलेट ॲप काढून टाका आणि फोन परत आल्यावर बारा शब्दांनी पुन्हा उभं करा. कागदावरचे शब्द बरोबर उतरलेत की नाही याची चाचणीही त्यात होऊन जाते. ही चाचणी वॉलेट रिकामं असतानाच एकदा करून घ्यावी. शब्द चुकीचा लिहिला गेल्याचं पैसे आल्यावर कळून उपयोग नाही.

वॉलेट दोन ठेवा. एक खेळाचं, जे गेमच्या साइटला जोडायचं. दुसरं साठवणीचं, जे कुठल्याही साइटला कधीच जोडायचं नाही. दोघांचे बारा शब्द वेगळे हवेत. एकाच वॉलेटमध्ये 'दुसरं खातं' उघडलं की पत्ता नवा मिळतो पण शब्द तेच राहतात, म्हणून ते पुरेसं नाही.

चौथी पायरी: खोट्या पैशावर हात बसवा

इथेरियमचं सेपोलिया आणि पॉलिगॉनचं (ही इथेरियमच्या जातीची, कमी फीची चेन) अमॉय ही सरावाची जाळी आहेत. त्यांवरच्या नाण्यांना किंमत नसते आणि ती 'फॉसेट' म्हणवणाऱ्या साइटवर फुकट मिळतात. (पॉलिगॉनचं जुनं सरावाचं जाळं मुंबई नावाचं होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं; जुन्या व्हिडिओत तेच दाखवतात.) वॉलेटमध्ये जाळं जोडताना चेन आयडी जुळवा: इथेरियम १, पॉलिगॉन १३७, रोनिन २०२०, सेपोलिया १११५५१११, अमॉय ८०००२. नाव कोणीही काहीही देऊ शकतो, आयडी बघायचा.

मग एका वॉलेटमधून दुसऱ्यात ०.०१ नाणं पाठवा आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) एक्सप्लोररमध्ये, म्हणजे चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, उघडा. कोणी पाठवलं, कोणाला, किती गॅस (फी मोजायचं एकक) लागला, यशस्वी की अयशस्वी, हे चार रकाने बिनचूक वाचता येईपर्यंत पुढे जाऊ नका. दोन संध्याकाळी पुरतात.

गॅसचा हिशेब सोपा आहे. साध्या पाठवणीला २१,००० एकक गॅस लागतो. दर गिगावेईत, आणि एक नाणं म्हणजे १०० कोटी गिगावेई. पॉलिगॉनवर दर ५० असेल तर २१,००० गुणिले ५० म्हणजे १० लाख ५० हजार गिगावेई, अर्थात ०.००१०५ पोल (पॉलिगॉनचं नाणं). टोकन अदलाबदलीला दीड लाख एकक लागले तर ०.००७५ पोल. काही पैशांचा मामला. हेच काम इथेरियमच्या मुख्य चेनवर गर्दीच्या वेळी शेकड्यात जाऊ शकतं, म्हणून छोट्या कमाईचे गेम तिथे परवडत नाहीत. फी त्या-त्या चेनच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते: पॉलिगॉनवर पोल, रोनिनवर रॉन. वॉलेटमध्ये गेमचे ५,००० टोकन आहेत पण पोल शून्य, तर एकही टोकन हलणार नाही. नवख्याला हमखास अडवणारी ही जागा आहे. सुरुवातीचे शंभरेक रुपये खर्च होतात ते इथे. एक्स्चेंजची, म्हणजे रुपयांत नाणी घेण्या-विकण्याच्या कंपनीची, किमान काढण्याची मर्यादा त्याहून जास्त असू शकते, ती आधी बघून घ्या.

अयशस्वी व्यवहाराचीही फी कापली जाते, कारण संगणकांनी काम केलेलंच असतं. व्यवहार तासभर लटकला तर पुन्हा पुन्हा पाठवू नका. वॉलेटमधलं 'स्पीड अप' किंवा 'कॅन्सल' वापरा. पहिला अडकलेला असताना पाठवलेले पुढचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे राहतात.

पाचवी पायरी: खेळणं

इथे फार सांगण्यासारखं नाही. रोजची कामं आधी उरका, ऊर्जा संपली की थांबा, कारण त्यापुढे टोकन मिळत नाहीत किंवा अगदी कमी मिळतात. एकाच घरातून पाच खाती, बॉट, एम्युलेटर, व्हीपीएन यांवर बहुतेक गेम खातं गोठवतात, आणि गोठवतात ते क्लेमच्या दिवशी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना स्वस्तातला फोन तासभरात इतका तापतो की स्वतःच वेग कमी करतो आणि तुम्ही सामना हरता. कूलरच्या हवेत बसा, चार्जिंगला लावून खेळू नका, कव्हर काढून ठेवा.

सहावी पायरी: क्लेम आणि सही

क्लेम दाबलं की वॉलेट एक खिडकी उघडतं. ती न वाचता 'कन्फर्म' दाबण्याची सवय सगळ्यात महाग पडते. साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, 'साइन' म्हणून फक्त मजकूर: लॉगिनसाठी, फी नाही. दुसरा, प्रत्यक्ष व्यवहार: फी दिसते, काय जाणार आणि काय येणार ते दिसतं. तिसरा, 'अप्रूव्ह' किंवा 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल': यात आत्ता काहीच जात नाही, पण समोरच्या प्रोग्रॅमला तुमचे टोकन किंवा सगळे एनएफटी नंतर केव्हाही उचलायची परवानगी मिळते. अदलाबदलीसाठी अप्रूव्ह लागतंच, तेव्हा रक्कम 'अमर्याद' असेल ती पुसून गरजेपुरती लिहा. आणि महिन्यातून एकदा रिव्होक डॉट कॅशसारख्या साधनावर जाऊन जुन्या परवानग्या रद्द करा.

पहिल्या प्रकारातही एक खाच आहे. 'परमिट' नावाची सही फी न लागता परवानगी देऊन टाकते. खिडकीत 'स्पेंडर', 'व्हॅल्यू', 'डेडलाइन' असे शब्द दिसले तर ते लॉगिन नाही, नकार द्या.

वॉलेटमध्ये अचानक अनोळखी टोकन दिसले आणि नावातच साइटचा पत्ता असेल तर हात लावू नका. ते विकायला त्या साइटवर जाणं हाच सापळा. तसंच तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळणारा पत्ता वापरून कोणी शून्य रकमेचा व्यवहार करून ठेवतो. हेतू हा की पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून चुकून तोच पत्ता उचलावा. पत्ता नेहमी मूळ ठिकाणाहून घ्या आणि मधली अक्षरंही ताडून बघा.

सातवी पायरी: रुपये करणं

एक्स्चेंज भारतातलं आणि एफआययू-इंडिया या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे नोंदलेलं हवं. मार्च २०२३ पासून या धंद्यावर मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. केवायसीला पॅन आणि आधार लागतं, वय अठरा पूर्ण हवं. अकरावी-बारावीतल्या मुलाने काका किंवा मामाच्या नावाने खातं चालवलं तर कर काका-मामाच्या नावावर पडतो, हे घरात आधी बोलून घ्या.

लहान गेमचे टोकन भारतीय एक्स्चेंज सहसा घेत नाहीत. मग त्याच चेनवर विकेंद्रित बाजारात ते पोल किंवा यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात बदलायचे आणि ते एक्स्चेंजवर पाठवायचे. पाठवण्याआधी एक्स्चेंजच्या 'डिपॉझिट' पानावर चेन कोणती लिहिली आहे ते बघा. पॉलिगॉनवरचं यूएसडीसी इथेरियमच्या खात्यात पाठवलं आणि एक्स्चेंज पॉलिगॉन घेत नसेल, तर ते परत मिळवणं एक्स्चेंजच्या मर्जीवर राहतं. काही चेनना पत्त्याबरोबर 'मेमो' किंवा 'टॅग' लागतो. तो विसरला तर रक्कम पोहोचते पण तुमच्या नावावर चढत नाही. आधी किमान डिपॉझिटपेक्षा थोडी जास्त अशी छोटी रक्कम पाठवा, ती खात्यात दिसली की बाकीची.

चेन बदलायची तर ब्रिज, म्हणजे एका चेनवरचे टोकन दुसऱ्या चेनवर नेणारी सेवा, लागतो, आणि ब्रिज ही या क्षेत्रातली सगळ्यात कमजोर जागा. मार्च २०२२ मध्ये रोनिनच्या ब्रिजमधून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली. नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या. चोरी झाली २३ तारखेला, लक्षात आली २९ ला, तीही एका खातेदाराला पैसे काढता येईनात म्हणून. एफबीआयने त्याचं खापर उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीवर फोडलं. एक्स्चेंजही अभेद्य नाहीत: जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले. तेव्हा ब्रिजमध्ये आणि एक्स्चेंजवर पैसा वस्तीला ठेवायचा नाही. विका आणि बँकेत घ्या.

टेलिग्रामवर 'जास्त भाव देतो, थेट यूपीआय करतो' म्हणणाऱ्याला टोकन विकू नका. त्याने पाठवलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले निघाले की तपासात साखळीतली सगळी खाती गोठतात, त्यात तुमचं पगाराचं खातंही आलं. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. पाच टक्के जास्त भावासाठी हा सौदा वाईट आहे.

आठवी पायरी: कर आणि खरा हिशेब

१ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, म्हणजे ३१.२ टक्के. खरेदी किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही: गॅस नाही, नेट नाही, फोन नाही. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. दुसरं काही उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यालाही मूळ सूट मर्यादेचा इथे फायदा नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून कापला जातो. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करकपातीच्या पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो. गेममधून फुकट मिळालेल्या टोकनची खरेदी किंमत काय धरायची, हे सीएला विचारूनच ठरवा, आणि त्यासाठी प्रत्येक क्लेमची तारीख, टोकनची संख्या, त्या दिवसाचा रुपयातला भाव आणि हॅश असा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा. मार्चमध्ये बसून मागचं शोधू म्हटलं तर गेम बंद पडलेला असतो.

आता एक काल्पनिक पण प्रामाणिक हिशेब. रोज दीड तास, महिन्यात २५ दिवस. रोज ४० टोकन, भाव ५० पैसे. महिन्याचे १,००० टोकन, पडद्यावर ५०० रुपये. अदलाबदलीची ०.३ टक्के फी आणि एक टक्का घसरण मिळून साडेसहा रुपये गेले, उरले ४९३.५०. एक्स्चेंजची अर्धा टक्का फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे तीन रुपये. बँकेत काढायचे समजा दहा. खरेदी किंमत शून्य धरली तर कर १५४, टीडीएस त्यातच आला. हाती ३२६ रुपये. भागिले साडेसदतीस तास: तासाला नऊ रुपयांच्या आत. सावजीचं एक ताटही यात बसत नाही. भाव दुप्पट झाला तरी तासाला अठराच. या कामात रस टिकवायचा तर गेम मुळात आवडला पाहिजे. नुसत्या पैशासाठी शिकवणीचे दोन तास जास्त देतात.

फसवणूक झालीच तर

बनावटांचे प्रकार ठरलेले आहेत. 'आमचा नवा गेम तपासून द्या, डॉलर देतो' म्हणून पाठवलेली फाइल वॉलेट लुटणारी असते. डिस्कॉर्ड या गेमर्सच्या गप्पांच्या ॲपवर मदत मागितली की खासगी संदेशात येणारा 'सपोर्ट' बारा शब्द मागतो. खरा सपोर्ट ते कधीच मागत नाही. आणि तिसरा प्रकार नागपूरला चांगला माहीत आहे, तो म्हणजे पडद्यावर वाढत जाणारा खोटा आकडा. मार्च २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी क्रिप्टो गुंतवणुकीच्या नावाखाली सुमारे ४० कोटींना गंडवल्याच्या प्रकरणात अटक केली. जुलै २०२३ मध्ये एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगच्या बनावट ॲपवर ५८ कोटी घालवल्याच्या तक्रारीवरून गोंदियात छापा पडला. दुसऱ्या प्रकरणात ब्लॉकचेनचा पत्ता नव्हता, पण युक्ती तीच. सुरुवातीला थोडे पैसे काढू देतात, मग मोठी रक्कम काढायच्या वेळी 'आधी कर भरा', 'आधी खातं व्हेरिफाय करा' म्हणून आणखी मागतात. पैसे काढण्यासाठी पैसे भरा म्हटलं की तिथेच हात आखडा.

वॉलेटमधून काही गेलेलं दिसलं तर आधी उरलेलं सगळं साठवणीच्या वॉलेटमध्ये हलवा. बारा शब्द फुटले असतील तर ते वॉलेट कायमचं सोडा. पासवर्ड बदलून काही होत नाही. फक्त परवानगी चुकून दिली असेल तर ती रद्द केली की पुरतं. मग लगेच १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. रुपये यूपीआयने गेले असतील तर पहिल्या काही तासांत ते पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता असते. चेनवरून गेलेलं उलटवता येत नाही, पण चोराने ते एखाद्या एक्स्चेंजवर नेलं तर पोलीस तिथे पत्र देऊ शकतात.

नागपूर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जाताना हे छापून न्या: तुमचा पत्ता आणि चोराचा पत्ता, प्रत्येक व्यवहाराचा पूर्ण हॅश, चेनचं नाव, भारतीय वेळेनुसार तारीख-वेळ (एक्सप्लोरर बहुधा यूटीसी दाखवतो, त्यात साडेपाच तास मिळवा), साइटचा पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट, बँकेचं विवरण, १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक. बारा शब्द कोणत्याही कागदावर लिहून देऊ नका, मागितले तरी.